जुन्या पोस्टातल्या गुड्रुनबाई

कुठलाही कागद हातात आला की गुड्रुनबाई वाचायच्या आधी तो हुंगायच्या. मग खिडकीच्या उजेडात धरायच्या, उजव्या अंगठ्यानं त्याची कड चाचपायच्या आणि त्यानंतर कुठे चष्मा चढवायच्या. आमच्या भाड्याच्या कराराचंही त्यांनी हेच केलं. तो करार त्यांनीच, त्यांच्याच प्रिंटरवर, दहा मिनिटांपूर्वी छापलेला होता. तरीही हुंगला.

नेकारसुल्मपासून बसनं चाळीस मिनिटांवर द्राक्षमळ्यांचं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना ते आवडणार नाही. त्या गावातलं जुनं पोस्ट ऑफिस बंद पडल्यावर गुड्रुनबाईंनी विकत घेतलं होतं. खाली त्या राहत, वरचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड भाड्यानं द्यायचं होतं. मी तेव्हा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर होतो, लग्नाला वर्ष झालं होतं, आणि मंजिरी नि मी सात महिने वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, शोधत वणवण फिरत होतो. घर बघताक्षणी मी सहीला पेन काढलं.

गुड्रुनबाईंनी सही पाहिली, मग माझा पासपोर्ट मागून त्यावरची पाहिली. “हेर सावंत, ही सही करताना तुम्ही घाबरला होता.”

मी म्हटलं, “नाही हो.”

“पासपोर्टावर हा शेवटचा फराटा मोकळा आहे. इथे हात आखडलाय. घराला घाबरलात की मला?” माझी सही मराठीत असते. त्यांनी ती बोट न लावता, वरच्या वर हवेत गिरवली. “ही वरची आडवी रेघ, ती आधी काढता की नंतर?”

“नंतर.”

“आल्झो, म्हणजे नंतर,” त्या म्हणाल्या. टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी पेन टेकवलं आणि एका दमात माझी सही केली. सारखी नव्हे. माझीच. ज्या बाईनं आयुष्यात देवनागरीचं एक अक्षर पाहिलं नव्हतं, तिनं माझी सही माझ्यापेक्षा शांतपणे केली.

“गुड्रुन!” स्वयंपाकघरातून एक पुरुषी आवाज दटावल्यासारखा आला.

त्यांनी लगेच ती कड फाडली, तिचे बारीक तुकडे केले आणि मुठीत धरून म्हणाल्या, “माफ करा. जुनी खोड. मी खोटे कागद करायचे. दाखले, परवाने, शिक्के. चार वर्षं दोन महिने तुरुंगात होते. आतला तो लोटार, माझा कोलेगं. मी करायचे, तो पोचवायचा. तोही तुरुंगात होता. आता सांगा, घर हवंय की नको?”

मंजिरीनं माझं कोपर ओढलं. “चल, निघूया इथून,” ती मराठीत पुटपुटली. मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं, सात महिने आठवले असावेत, आणि सुस्कारा टाकून म्हणाली, “निदान खरं तरी बोलतात. आधीचा घरमालक ओल लपवत होता.”

आम्ही राहिलो.

कोलेगं, म्हणजे सहकारी, हा शब्द त्या अगदी गंभीरपणे वापरायच्या. लोटार नवरा नव्हता, भाऊ नव्हता. सत्तरीचा, उंच, अबोल माणूस. एकेकाळी पाठलागावर असलेल्या पोलिसांना तीन शहरांत चकवणारा हा ड्रायव्हर आता गावाची ब्युर्गरबस चालवायचा. म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नि बाजाराला नेणारी ती आठ सीटांची गाडी तो ताशी तीसच्या वर नेत नसे. मळ्यातले ट्रॅक्टर त्याला हॉर्न देत मागे टाकून जात. “घाई करून झाली माझी,” एवढंच तो म्हणायचा.

गावाला त्यांचं पूर्वायुष्य कसं कळलं, ते मला आमच्या शेजारच्या द्राक्षवाल्यानं सांगितलं. ही दोघं राहायला आली त्या साली कुणाला तरी जुनी बातमी सापडली आणि गावात कुजबुज सुरू झाली. गावाची सभा होती, विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा. गुड्रुनबाई उठून उभ्या राहिल्या. त्या उत्तरेकडच्या, समुद्राकाठच्या. या श्वाबी मुलखात दिवसाच्या कुठल्याही वेळी ‘मोइन’ म्हणून नमस्कार करणाऱ्या एकट्या. तर म्हणाल्या, “मोइन. चार वर्षं दोन महिने. खोटे कागद. घरं फोडली नाहीत, कुणावर हात उचलला नाही. पण माझ्या एका कागदानं एक माणूस अधू झालाय, तेही सांगून ठेवते. आणखी काही विचारायचंय?” शेवटी एका म्हाताऱ्या द्राक्षवाल्यानं हात वर केला नि विचारलं, “अक्षर चांगलं असेल ना तुमचं? बाटल्यांची लेबलं लिहाल का?”

तेव्हापासून त्या गावची लेबलं त्या लिहीत. लग्नाच्या पत्रिका, दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या वाइन-राणीचं मानपत्र, थडग्यावर कोरायच्या नावांचे नमुने, सगळं त्यांच्या हातचं. सरकारी कचेरीतून आलेली पत्रं घेऊन म्हातारी माणसं त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. बाई पत्र हुंगायच्या, वाचायच्या, सोप्या भाषेत सांगायच्या, उत्तर लिहून द्यायच्या. पण सही ज्याची त्यानंच करायची. हात थरथरत असला तरी त्यानंच. त्या बाबतीत त्यांचा सोवळेपणा हास्यास्पद वाटावा असा होता. एकदा मंजिरी आंघोळीला गेली असताना तिचं पार्सल आलं. कुरिअरवाला म्हणाला, तुम्हीच काहीतरी खरडा इथे, चालतं. बाई म्हणाल्या, “माझं नाव हवं असेल तर माझं घाला. तिचं हवं असेल तर ती येईल.” नाव बदलायला त्याच्या यंत्रात सोय नव्हती. तो बिचारा मंजिरीचे केस पुसून होईपर्यंत दारात ताटकळत उभा राहिला. बाईंनी त्याला कॉफी दिली, सही दिली नाही.

“पापिअर इस्ट गेडुल्डिश,” हे त्यांचं पालुपद. ही जर्मन म्हण आहे. कागद सोशिक असतो, त्यावर काहीही लिहा, तो तक्रार करत नाही. जर्मन लोक म्हण तिथेच संपवतात. गुड्रुनबाई पुढचं स्वतःचं जोडायच्या, “कागद सोसतो. माणसाला सोसत नाही.”

दर गुरुवारी त्या घरी नसत. सकाळच्या बसनं जायच्या, संध्याकाळी यायच्या. कुठे, ते आम्ही विचारलं नाही. आणि दर शरद ऋतूत, द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत, माटियास नावाचे एक साठीचे गृहस्थ मानहाइमहून आठवडाभर राहायला येत. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. अंगणात खुर्ची टाकून बसायचे, घडातले खराब मणी वेचून काढायचे आणि बाईंवर सतत खेकसायचे. कॉफी गार आहे, उशी कडक आहे. बाई निमूट उशी बदलायच्या. मला वाटायचं, दूरचे भाऊ असतील.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात आमच्या कंपनीत माणसं कमी केली गेली. परदेशी लोक आधी नव्हेत, पण नवे लोक आधी, आणि नवे म्हणजे आम्हीच. मंजिरीला पाचवा महिना होता. नोकरी गेली की आउसलेंडरबेहोर्डंला, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीला, कळवावं लागतं आणि ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळावा लागतो. मी रोज अर्ज पाठवत होतो. अखेर एका ठिकाणी काम जमत आलं. प्रेस मशीन कारखान्यात बसवून द्यायची आणि तिथल्या कामगारांना ती सुरक्षितपणे चालवायला शिकवायची. सगळं त्यांना पसंत पडलं. फक्त जर्मनचा बी-टू पातळीचा दाखला हवा, म्हणाले, एका महिन्यात. माझं जर्मन त्याच्या बरंच खाली होतं. ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलत.

सांगलीहून सासूबाईंचा रोज फोन यायचा. “अहो जावईबापू, काळजी करू नका, काहीतरी मार्ग निघेल,” म्हणायच्या, आणि मार्ग माझ्या पायाखालीच राहत होता.

तीन दिवस मी जिना चढलो-उतरलो. चौथ्या दिवशी, बुधवारी दुपारी, मंजिरी झोपली असताना मी खाली गेलो. बाई लेबलं लिहीत होत्या. मी कसंबसं सांगितलं. भाषेचाच दाखला आहे, कुणाचं नुकसान नाही, भाषा मी नंतर शिकेनच, फक्त एक कागद.

मला वाटलं होतं त्या भडकतील. त्यांनी दौतीचं झाकण लावलं. “नोकरीत काम काय?”

मी सांगितलं.

“दाखला अगदी खऱ्यासारखा दिसेल,” त्या म्हणाल्या. “दोन दिवसांत करीन. मला अजून येतं.” त्यांच्या आवाजात गर्व नव्हता, आणि म्हणूनच तो आवाज मला सगळ्यात भीतिदायक वाटला. “उद्या गुरुवार आहे. माझ्याबरोबर चला. परत आल्यावरही कागद हवा असेल तर बोलू.”

मानहाइमच्या गाडीत त्या खिडकीबाहेर पाहत बोलल्या. एका माणसाला बांधकामावर क्रेन चालवायची नोकरी हवी होती, परवाना नव्हता. बाईंनी तो करून दिला. “तीन दिवस लागले. माझ्या हातचा सगळ्यात सुंदर कागद.” लोटारनं नेऊन दिला. पाचव्या आठवड्यात त्या माणसाच्या हातून लोखंडी तुळयांचा गठ्ठा हेलकावला आणि खाली उभ्या असलेल्या कामगाराचा पाय त्याखाली गेला. चौकशी झाली. परवाना इतका अस्सल दिसत होता की त्यावर कुणाला शंकाच आली नाही, दोष साखळीवर गेला. बाईंनी वर्तमानपत्रात वाचलं.

“मी आणि लोटार पोलिसांत गेलो. सांगितलं, परवाना खोटा आहे, मी केलाय. त्यांना पटेना. तपासून झालाय म्हणाले, खराच आहे. घरी जा म्हणाले. दोन तास मी त्यांना समजावत होते. शेवटी त्यांच्याकडून कागद मागून घेतला, बॅगेतून माझी हत्यारं काढली आणि त्यांच्यासमोर दुसरा बनवायला बसले.”

हसावं की काय, मला कळेना. त्याच किंचित हसल्या.

दार माटियासनी उघडलं. “हा इथे कशाला?”

“बटाटे सोलेल.”

मी बटाटे सोलले. बाईंनी कोट काढला, बादली भरली आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या लहानशा घराच्या खिडक्या धुवायला घेतल्या. माटियास खुर्चीत बसले, पँट वर करून त्यांनी पायाचा पट्टा सोडला, कृत्रिम पाय काढून भिंतीला टेकवला आणि खुंटावर मलम चोळू लागले. रोजचं काम असावं तसं. अपघाताविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. “डावीकडे डाग राहिला,” ते म्हणाले. बाईंनी डाग पुसला. आम्ही तिघांनी सूप प्यायलं. मी त्या भिंतीला टेकलेल्या पायाकडे पाहायचं टाळत होतो, आणि दुसरं काही दिसत नव्हतं.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, “कागद हवाय?”

“नको.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. मग उद्या सकाळी सात वाजता वही घेऊन खाली या.”

पुढचे दिवस आठवले की आजही मला धाप लागते. सात ते दुपारी एक, रोज. पाठ्यपुस्तक त्यांना मान्य नव्हतं. गावकऱ्यांची परवानगी घेऊन त्यांची खरी पत्रं त्या माझ्यापुढे ठेवत. विमा कंपनीची, कोर्टाची, पाणीपट्टीची. “क्रियापद कुठे आहे? शोधा. ते सापडल्याशिवाय या बाईचं छप्पर दुरुस्त होणार नाही.” मी रडकुंडीला आलो की म्हणायच्या, “तुमच्या भाषेत क्रियापद कुठे येतं?” मी म्हणायचो, शेवटी. “मग जन्मापासून वाट बघायची सवय आहे तुम्हाला. अर्ध्या जर्मन माणसांना ती नसते.” ऐकण्याच्या सरावासाठी लोटार शेजारच्या खोलीतून मला फोन करायचा आणि रागावलेल्या फोरमनसारखा श्वाबीत ओरडायचा. वर्षानुवर्षांचा अबोलपणा त्यानं त्या फोनवर भरून काढला असावा. मंजिरीही येऊन बसू लागली आणि महिन्याभरात माझ्या चुका काढू लागली.

मी परीक्षा दिली आणि नापास झालो. थोडक्यात, ऐकण्याच्या भागात. ती नोकरी गेली.

त्या दुपारी स्वयंपाकघरात उभं राहून मी बोलू नये ते बोललो. “तुमचं प्रायश्चित्त तुमच्यापाशी ठेवा. माझ्या पोराला त्यात का ओढता? तुम्ही कागद दिला असता तर आज मला नोकरी असती.”

“हो,” त्या म्हणाल्या. “असती.”

त्यांनी वाद घातला नाही, समजूत काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी रागानं वरच बसलो होतो. खालून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, कॉफीचा वास आला. एकपर्यंत त्या टेबलाशी वही उघडून बसल्या होत्या, असं मंजिरीनं सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो. “मोइन,” त्या म्हणाल्या नि पत्र पुढे सरकवलं.

एप्रिलात मंजिरीला कळा सुरू झाल्या त्या भर सकाळी, आणि लोटार आपली बस दाराशी घेऊन आला. बाई पुढे, आम्ही मागे. बस तीसनं निघाली. मंजिरी मराठीत किंचाळत होती, “अरे, सांग ना त्यांना!” मी जर्मनमध्ये सांगितलं, अगदी शुद्ध, क्रियापद शेवटी. लोटार हलला नाही. अखेर गुड्रुनबाई ओरडल्या, “लोटार! पन्नास चालतं इथे, कायद्यानं!” त्यानं रस्त्याकडेची पाटी पाहिली, खात्री केली, आणि बस पन्नासवर नेली. एक्कावन्न नाही. मुलगी व्हायला त्यानंतरही चार तास लागले.

मुदत संपायला सोळा दिवस असताना मी दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि पास झालो. त्याच आठवड्यात येनामध्ये भिंगं घासायची यंत्रं बनवणाऱ्या एका लहान कंपनीनं मला घेतलं. दाखला घेऊन मी धावत खाली आलो. बाईंनी तो हुंगला, उजेडात धरला, कड चाचपली. बराच वेळ. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. म्हणाल्या, “शिक्का वाकडा मारलाय. मी सरळ मारला असता.” आणि चष्मा काढून डोळे पुसायला वळल्या.

येनाला आल्यावर फोन होत राहिले. मुलगी जर्मन बोलू लागली तशी ती आणि त्या परस्परच बोलत, आम्हाला विचारत नसत. यंदा फेब्रुवारीत लोटारचा फोन आला. गुड्रुनबाई सकाळी उठल्याच नाहीत. “झोपेत,” तो म्हणाला.

आम्ही तिघं गेलो. दफनभूमी मळ्याच्या उतारावर आहे. अख्खं गाव आलं होतं, ज्यांची पत्रं त्यांनी वाचली ती सगळी म्हातारी माणसं काठ्या टेकत चढून आली होती. नातलगांसाठी पुढे मोकळ्या ठेवलेल्या ओळीत लोटार उभा होता, आणि त्याच्या शेजारी, एकट्यानं तो चढ चढून आलेले माटियास.

नंतर गावाच्या सभागृहात कॉफी आणि केक होता. मी माटियासशेजारी जाऊन बसलो. इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न मी विचारला. आज विचारलं नसतं तर कधीच विचारता आला नसता.

“तुम्ही त्यांना माफ केलं होतं?”

“माफ?” त्यांनी काटा खाली ठेवला. “तिनं कधी मागितलीच नाही माफी. तुरुंगातून सुटल्यावर एके दिवशी दारात उभी. म्हणाली, ‘मी गुड्रुन. तो कागद मी केला होता. आज काय काम आहे?’ मी दार तोंडावर आपटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच वाक्य. मी शिव्या दिल्या. ती ऐकून गेली, पुन्हा आली. सहाव्या वेळी मी म्हटलं, खिडक्या घाण झाल्यात. अकरा वर्षं झाली त्याला.”

ते खिडकीबाहेर पाहू लागले. उतारावर लोटार अजून एकटाच उभा होता.

“बोलायचं मात्र खूप वेळा मनात आलं,” माटियास म्हणाले. “पण भीती वाटायची. माफ केलं, असं म्हटलं आणि ती यायची थांबली, तर?”